तपासणीच्या अटीवर

पवनीच्या तहसिलीसमोर टिनाखाली
अर्जनवीस विचारतो, 'विक्री कशाची?'
नाव, मी म्हणते.
'तुमचं नाव नंतर, बाई. वस्तू काय?'
तेच सांगते, साहेब. नाव.

मग हसला, आणि मुद्रांकावर उतरवलं:
लांबी सोळा हात, लाकूड बिजा,
दोन वल्ही, एक बांबू, बुडाला डांबर.
किंमत एकवीस हजार, इसार दोन,
विक्री तपासणीच्या अटीवर.

अट म्हणजे अशी.
नाव पाण्याबाहेर मी काढून द्यायची,
मिस्त्रीची मजुरी घेणाऱ्यानं.
ठोकताना चांगली फळी फुटली तर घेणाऱ्याची,
कुजकी निघाली तर माझी.
दोष सापडला तर इसार परत.
न सापडता मन फिरलं
तर इसार बुडाला.
'बुडाला' लिहिताना तो जरा अडखळला.
लिहा, म्हटलं. आमचा पाण्याचाच धंदा.

उठता उठता विचारलं,
जे मला ठाऊक आहे, अन् त्यानं विचारलं नाही, ते?
त्यानं चष्मा काढला.
'गप्प राहणं म्हणजे दर वेळी फसवणूक नाही.
मुद्दाम झाकलं, तर आहे.'
डांबर मारलं म्हणजे झाकलं का?
'कधी मारलं त्यावर आहे.'
परवा.
त्यानं पेन खाली ठेवलं, दोन चहा सांगितले,
आणि चहा येईस्तोवर दुसऱ्याच कुणाचा सातबारा चाळत बसला.

पाच जणांनी ओढली तिला काठावर.
पाण्यात माझ्या एका हातानं वळायची,
बेशरमाच्या झुडपांतून येताना
एखाद्या म्हशीसारखी अडून बसली.
उपडी केली तेव्हा मी पदर सारखा केला.
का, ते मलाही कळलं नाही.

मंसाराम मिस्त्री सायकलवर आला,
पिशवीत हातोडी, टोच्या, भाकर.
फळी वाजवायचा आणि कान लावायचा,
जसं कुणी दाराआडचं बोलणं ऐकतं.
माझा दीर माझ्या खांद्यामागून पुटपुटला,
'वहिनी, घेनाऱ्याचे डोरे, घेनाऱ्याची जोखीम.
त्यानं इचारलं नाई. तू सांगू नोको.'

उजवीकडची तिसरी फळी.
मिस्त्री तिच्यावरून गेला. टक, टक.
पुढे गेला.

धरणाचं पाणी चढलं त्याच्या दुसऱ्या वर्षी
जाळं ओढता ओढता मी जुन्या गावावर आले होते.
खाली कुठेतरी माझी चूल, वर आठ हात पाणी,
आणि नावेला लागला
आमच्याच विहिरीच्या रहाटाचा दगडी खांब.
वीतभर चीर.
पत्रा ठोकला, सुतळी भरली, वर डांबर,
तेव्हापासून दुपारपर्यंत तांब्याभर पाणी घेते,
त्याहून जास्त कधी मागितलं नाही तिनं.

'ठीक आहे,' मिस्त्री म्हणाला, आणि भाकर सोडली.
नीलकंठ वलथरे, घेणारा,
अजून मिसरूड नीट फुटायची आहे,
खिशातून नोटा काढून थुंकी लावून मोजत होता.
त्याची पोरगी उपड्या बुडावर चढून
हाकत होती नाव, कोरड्यात, जोरजोरानं,
नेमकी त्याच फळीवर बसून.

मी मिस्त्रीचा टोच्या उचलला.
पोरीला म्हटलं, सरक बाई जरा.
ताजं डांबर सालासारखं निघालं.
दीर तंबाखू मळत नदीकडे निघून गेला.
मिस्त्रीनं भाकर तशीच ठेवून बोट फिरवलं चिरेवरून,
नीलकंठकडे पाहिलं, माझ्याकडे नाही.
साडेतीन हजार कमी झाले.
नीलकंठ नोटा परत मोजायला लागला,
पहिल्यापासून.

संध्याकाळी परत त्याच टिनाखाली.
समासात एक ओळ वाढवायची होती:
उजवी तिसरी फळी, वीतभर चीर,
घेणाऱ्याला दाखवली, त्याला मान्य.
'कारण?' अर्जनवीस विचारतो.
विहीर.
'भर नदीत विहीर कशी असेल, बाई?'
मी शाईला अंगठा लावला.
लिहा, म्हटलं.